दुकानाच्या जागेला नियमात सवलत हवी? खान्देशातल्या मालकांसाठी अर्जाची वाट

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही जुन्या कॉलनीत फिरा. रस्त्याकडच्या खोलीची भिंत काढून शटर बसवलेलं घर दिसतंच. मालकाला विचारलं तर तो छातीठोकपणे सांगतो, "भाऊ, सगळं कायदेशीर आहे. घरपट्टी व्यापारी दराने भरतो, महावितरणचं मीटर व्यापारी आहे, शॉप अ‍ॅक्टची नोंद भिंतीवर लावलीय."

या तिन्हींचा बांधकाम परवानगीशी काही संबंध नाही. घरपट्टी वापर बघून लावतात, तो वापर वैध आहे की नाही हे बघून नाही. अनधिकृत बांधकामावर लावलेली शास्ती भरली तरी ते बांधकाम नियमित होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात 'विकास' या शब्दात नुसतं बांधकाम येत नाही, इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही येतो. राहत्या खोलीचं दुकान करणं म्हणजे विकास, आणि त्यासाठी कलम ४४ खाली अर्ज लागतो. विनापरवाना केलं तर कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. व्यवहारात तिथपर्यंत क्वचित जातं, पण बँकेचं कर्ज, जागेची विक्री किंवा शेजाऱ्याची तक्रार, यापैकी एक वेळ आली की फाईल उघडते.

मागायचं काय, हे आधी ठरवा

नगररचना विभागात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते चुकीची गोष्ट मागितल्यामुळे. लोक सरसकट 'झोन बदलून द्या' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या मागण्या आहेत, आणि तिन्ही वेगळ्या टेबलावर जातात.

पहिली मागणी वापर बदलाची. तुमच्या जागेचा झोन, म्हणजे शहराच्या विकास योजनेत तिला ठरवून दिलेला वापर, रहिवासी आहे, पण त्या झोनमध्ये दुकान, दवाखाना, कार्यालय काही अटींवर चालतं. राज्यातल्या बहुतेक शहरांना ३ डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात रहिवासी झोनमध्ये कोणते व्यवसाय बसतात याची लांबलचक यादी आहे आणि समोरच्या रस्त्याची रुंदी जितकी जास्त तितकी ती यादी मोठी होते. त्यामुळे आधी टेप घेऊन रस्ता मोजा. रस्ता पुरेसा रुंद असेल तर तुम्हाला सवलत नको, साधी वापर बदलाची सुधारित परवानगी पुरते.

दुसरी मागणी मापातल्या सवलतीची. वापर चालतो, पण सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर, कमी पडतं किंवा जिन्याची, पॅसेजची रुंदी नियमात बसत नाही. इथे यूडीसीपीआरमधला विशेषाधिकार वापरला जातो. स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल तर प्राधिकरण लेखी कारणं नोंदवून ठरावीक मापात सूट देऊ शकतं. आरोग्य, आगीपासूनची सुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये, ही अट. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती चटईक्षेत्र बांधता येतं ते प्रमाण, मात्र या दारातून वाढवून मिळत नाही. रस्त्याच्या हद्दीपासून सोडायच्या अंतरातही, नियमात वेगळी तरतूद असल्याशिवाय, सूट मागून वेळ घालवू नका.

तिसरी मागणी खरोखरच्या झोन बदलाची. म्हणजे विकास योजनेच्या नकाशावरचा रंगच बदलायचा. त्याला कलम ३७ ची प्रक्रिया लागते, ती मंत्रालयापर्यंत जाते आणि तिचा वेग तुमच्या हातात नसतो.

माझं मत असं की तिसरी वाट शेवटची धरावी. रावेर-यावलकडचा एखादा केळी व्यापारी रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली, बांधायला निघतो आणि कुणीतरी सांगतं, शेती झोन आहे, आधी झोन बदला. शेतमालाचं गोदाम, शीतगृह यांसारखे वापर शेती झोनमध्येही अटींवर बसतात. महामार्गालगतचा पेट्रोल पंप, धाबा, मंगल कार्यालय यांनाही तिथे वेगळे नियम आहेत. तसंच औद्योगिक झोनमधल्या बंद पडलेल्या डाळमिलच्या किंवा जिनिंगच्या जागेवर व्यापारी संकुल करायचं असेल, तर नियमावलीतच प्राधिकरणाच्या मंजुरीने वापर बदलण्याची सोय आहे. बंद कारखाना असेल तर कामगारांची देणी चुकती केल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला मात्र लागतो. तो मिळवायला वेळ जातो, म्हणून आधी त्याच्याच मागे लागावं.

अर्ज कोणाकडे?

जळगाव आणि धुळे शहरात महानगरपालिका. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा अशा गावांत नगरपरिषद, म्हणजे मुख्याधिकारी, आणि त्यांना तांत्रिक अभिप्राय जिल्ह्याच्या नगररचना शाखेचा. हद्दीबाहेरच्या गटांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय. एमआयडीसीचा भूखंड असेल तर पालिकेत फेरी मारू नका, तिथे एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि वापर बदलाचे नियमही त्यांचेच.

नंदुरबारकडे, आणि धुळे-जळगावच्या सातपुड्यालगतच्या भागात, आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. ती बिगर-आदिवासी माणसाकडे पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. मालकीच कच्ची असताना बांधकामाच्या सवलतीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं तरी तेच. नजराण्याचा, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायच्या रकमेचा, प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद

आधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. झोन दाखल्यावर फक्त 'रहिवासी' असं लिहिलेलं असतं, पण भाग नकाशात तुमच्या गटातून विकास योजनेचा रस्ता जातो का, एखाद्या आरक्षणाची कड लागते का, हे दिसतं. नदीकाठी असाल, म्हणजे धुळ्यात पांझरा किंवा जळगाव तालुक्यात गिरणा, तर पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला सवलत मागणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा. मोजणीवर काटकसर करू नका. जुन्या लेआऊटमधले प्लॉट कागदावर चौकोनी आणि जागेवर तिरके असतात. सवलतीच्या अर्जाचा सगळा जोर प्लॉटच्या आकारावर असतो, आणि तो आकार सरकारी मोजणीनेच सिद्ध होतो. वास्तुविशारदाच्या नकाशात एक माप आणि मोजणीत दुसरं असलं की त्रुटीचं पत्र ठरलेलं.

मंजूर लेआऊटचा नकाशा, बिनशेतीचा आदेश किंवा सनद, आधीची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम संपल्यावर इमारत वापरायला मिळणारा दाखला), घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने काढलेले नकाशे, हे सगळं मग जोडलं जातं. जुन्या घराचं दुकान होत असेल तर संरचना अभियंत्याचा मजबुतीचा दाखलाही. ज्या भिंतीत शटर बसवायचंय ती भारवाही आहे का, हे जुन्या दगडी-विटांच्या घरात फार महत्त्वाचं. वरच्या मजल्याचा भार त्या भिंतीवर असताना ती काढून नुसता लोखंडी चॅनल टाकलेली घरं खान्देशात कमी नाहीत.

गुंठेवारीचा प्लॉट असेल, म्हणजे लेआऊट मंजूरच नसेल, तर सवलतीच्या अर्जाआधी त्याचं नियमितीकरण. गुंठेवारी कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले आहेत. लेआऊटमधल्या खुल्या जागेवर दुकानाचा डोळा असेल तर तो विचार सोडा. ती जागा सगळ्या प्लॉटधारकांची आहे.

महामार्गालगत असाल तर आणखी एक नाहरकत. सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे आताचा ५३ क्रमांकाचा, नवापूरपासून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा अख्खा खान्देश कापत जातो आणि त्याच्या कडेने सगळ्यांनाच दुकान हवंय. शहराबाहेरच्या मोकळ्या भागात महामार्गाच्या मध्यापासून इमारत रेषा साधारण ४० मीटर आणि नियंत्रण रेषा ७५ मीटर धरली जाते. त्या रेषांत महामार्ग प्राधिकरणाच्या नाहरकतीशिवाय पालिका पुढे जात नाही. भुसावळला रेल्वेची हद्द, वरणगावला आयुध निर्माणी, जळगावला विमानतळ, तिथली नाहरकत वेगळी.

अडचण जमिनीची की मालकाची?

सगळा अर्ज इथे उभा राहतो किंवा पडतो. नियमाला हवी ती अडचण जागेत असते: प्लॉट निमुळता आहे, कोपऱ्यावर दोन बाजूंनी रस्ता आहे, रस्ता रुंदीकरणात पुढचा पट्टा गेला, मधोमध जुनी विहीर किंवा नाला आहे. 'माझा मुलगा बेरोजगार आहे', 'कर्ज झालंय', 'शेजारच्याने पण केलंय' या गोष्टी खऱ्या असल्या तरी नगररचनाकाराला त्या टिपणीत लिहिता येत नाहीत. आणि त्याला जे लिहिता येत नाही ते तो मंजूर करू शकत नाही. अर्ज लिहिताना डोळ्यासमोर त्याची टिपणी ठेवा. तुमचं वाक्य त्याला जसंच्या तसं उचलता आलं पाहिजे.

एक नमुना देतो. मापं समजण्यापुरती आहेत.

"सदर भूखंडाची दर्शनी रुंदी १२ मीटर असून मागील रुंदी ६.५ मीटर आहे. मंजूर लेआऊटमध्येच भूखंडाचा आकार असा आहे (मोजणी 'क' प्रत सोबत). नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंस ३ मीटर अंतर सोडल्यास मागील बाजूस केवळ ५० सेंटिमीटर रुंदीचे बांधकाम शक्य होते. सबब मागील ८ मीटर लांबीपुरते पूर्व बाजूस ३ ऐवजी १.५ मीटर सामासिक अंतर मंजूर व्हावे. पश्चिम बाजू, पुढील अंतर, चटईक्षेत्र व पार्किंग नियमाप्रमाणे आहे. पूर्वेकडील इमारत हद्दीपासून ४ मीटर दूर असल्याने तिच्या उजेडास व वाऱ्यास बाधा येत नाही."

आकार मालकाने बनवलेला नाही, तो मंजूर लेआऊटमधूनच आलाय, हे पहिल्या दोन वाक्यांत स्पष्ट होतं. मागणी तेवढ्याच लांबीपुरती आणि एकाच बाजूची आहे. बाकी सगळं नियमात आहे हे मोजून सांगितलंय, आणि शेजाऱ्याचं काय हा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच सोडवलाय. याच जागी बरेच जण 'नियमात योग्य ती शिथिलता मिळावी, ही विनंती' असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. कुठल्या बाजूला, किती, कशासाठी, काहीच नाही. असा अर्ज हातात घेऊन कोण काय टिपणी लिहिणार?

अडचण स्वतः ओढवून घेतलेली असेल तर ती चालत नाही. मोठ्या प्लॉटचे भावांत तुकडे केले आणि आता प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद पट्टी आली, असं असेल तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. वाटणी लेआऊट मंजुरीशिवाय झाली असेल तर उत्तर देणं अवघड जातं. रस्ता रुंदीकरणात जागा गेली असेल तर उलट तुमची बाजू भक्कम असते. त्या जागेचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरमध्ये (दुसऱ्या जागेवर वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कात) घेतलाय का, हे मात्र आधीच मान्य करून लिहा.

दुकानाच्या बाबतीत पार्किंगचं वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. सराफ बाजारातलं दुकान असो की कॉलनीतलं किराणा दुकान, गाड्या रस्त्यावर लागल्या की तक्रार येते. कागदावर तळघरात पार्किंग दाखवून प्रत्यक्षात तिथे गोदाम करण्याचा प्रकार एव्हाना सगळ्या अधिकाऱ्यांना पाठ आहे. पार्किंगमध्ये सूट मागायचीच असेल तर पर्याय सोबत द्या: शेजारच्या जागेचा नोंदणीकृत भाडेकरार किंवा मागच्या बाजूने प्रवेश. काहीही न देता फक्त सूट मागितली तर मी स्वतः तो अर्ज नामंजूर केला असता.

दाखल केल्यानंतर

अर्ज ऑनलाइन प्रणालीत वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून जातो. सवलतीचं स्वतंत्र पत्र, नियमातलं मूळ माप, मागितलेलं माप आणि फरक असा तीन रकान्यांचा तक्ता, आणि नकाशावर सवलतीचा भाग वेगळ्या रंगात, एवढं केलंत तर तपासणारा माणूस तुमचे आभार मानेल. त्यानंतर स्थळ पाहणी. त्या दिवशी स्वतः हजर राहा, हद्दीचे दगड आधी साफ करून ठेवा. दगड सापडला नाही म्हणून पाहणी पुढे ढकलल्याची उदाहरणं नेहमीची आहेत.

शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवणं कधीही चांगलं. त्याचं संमतिपत्र कायद्याने प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, पण अर्ज चालू असताना त्याची तक्रार आली तर फाईल तिथेच थांबते. "बापू, भिंत तुमच्याकडून दीड मीटरवर येणार, खिडकी ठेवणार नाही," असं नकाशा दाखवून सांगितलं की निम्मी शंका जाते.

मंजुरी मिळाली तरी ती फुकट नसते. विकास शुल्क असतंच, सवलतीवर प्रीमियम असतो आणि अटीही येतात, उदाहरणार्थ रस्ता रुंदीकरणात जागा गेल्यास भरपाई मागणार नाही असं हमीपत्र. प्रीमियमचा हिशेब साधारणपणे बाजारमूल्य दर तक्त्याशी, म्हणजे रेडी रेकनरशी, जोडलेला असतो. म्हणून अर्जाआधीच तुमच्या विभागाचा चालू दर काढून ठेवा. प्रीमियमची रक्कम बघून सवलतच नको म्हणणारे आणि नकाशा एक फूट आत घेणारे मालक शहाणे ठरतात. कधी कधी दीड मीटरच्या सवलतीपेक्षा अर्ध्या मीटरचं दुकान सोडणं स्वस्त पडतं.

कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. त्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं, कलम ४५ मध्ये तसं आहे. पण त्यावर विसंबून सवलतीचं बांधकाम सुरू करू नका. मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या प्रस्तावालाच मिळते, आणि तुमचा प्रस्ताव नियमात बसत नाही म्हणून तर तुम्ही सवलत मागताय. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर लेखी द्या, पोच घ्या. फाईल कुठे आहे हे कळेना झालं तर माहिती अधिकाराचा एक साधा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तराआधी फाईलच हलते.

झोनच बदलायचा असेल तर

कलम ३७ खाली विकास योजनेत किरकोळ फेरबदल होतो. प्रस्ताव नियोजन प्राधिकरणाने मांडायचा, म्हणजे महासभेचा ठराव किंवा प्रशासक असेल तर त्याचा निर्णय. मग राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती, सुनावणी, शासनाकडे प्रस्ताव, संचालक नगररचना यांचा सल्ला आणि शेवटी नगरविकास विभागाची अधिसूचना. हद्दीबाहेर प्रादेशिक योजना असेल तर कलम २० ची वाट. फेरबदलाने योजनेचं स्वरूप बदलता कामा नये, त्यामुळे शेती झोनच्या मधोमध एकट्या गटाचा रंग बदलण्यापेक्षा आजूबाजूच्या रहिवासी किंवा व्यापारी झोनला लागून असलेल्या गटाचा प्रस्ताव टिकतो. लगतच्या खातेदारांनी मिळून केला तर आणखी बरं. शहराची विकास योजना सुधारित होत असेल तर मात्र ३७ च्या मागे लागू नका. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत सूचना दाखल करा, तीच वाट स्वस्त आहे.

आरक्षणात अडकलेल्या जागेचा प्रश्न वेगळा. अंतिम योजनेपासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही नोटीस वकिलाकडूनच द्या. मालकी हक्काचे कागद सोबत नसतील तर नोटीस ग्राह्य धरत नाहीत.

नामंजूर झालं तर

आदेशातलं कारण वाचा. 'नियमात बसत नाही' एवढंच असेल तर ते सवलतीच्या अर्जावरचं उत्तरच नाही. नियमात बसत नाही हे तर तुम्हीच सांगितलं होतं. कलम ४७ खाली आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेश हातात पडल्याची तारीख लिहून पाकीट जपून ठेवा, ४० दिवस तिथून मोजले जातात. अपिलापेक्षा कित्येकदा नकाशा दुरुस्त करून कमी मागणीचा नवा अर्ज लवकर सुटतो. अपील करायचं ते कारण खरोखर चुकीचं असेल तेव्हा.

मंजुरी मिळाली की काम वेळेत सुरू करा, प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते आणि नूतनीकरण मागावं लागतं. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी करून घ्या. दीड मीटरची सवलत घेऊन जागेवर एक मीटर वीस सोडलं तर सवलत रद्द होण्याची वाट मोकळी होते. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र, आणि जिथे लागू असेल तिथे अग्निशमन यंत्रणेचा दाखला, जो दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. भाडेकरूशी करार करताना परवानगीतल्या अटींची प्रत करारालाच जोडा. पार्किंगच्या जागेत त्याने उद्या फ्रीज आणि काउंटर मांडले तर नोटीस त्याच्या नावाने येणार नाही, मिळकत पत्रिकेवर ज्याचं नाव आहे त्याच्या नावाने येईल.